शॅक रिटायर झाला! ऑल टाइम सेंटर्समध्ये कितवा?

कोर्टाबाहेर | २ जून २०११, सकाळी ७:४२

काल एनबीएच्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) शॅकिल ओ'नीलने ट्विटरवर इवलासा व्हिडिओ टाकला आणि सांगून मोकळा झाला, १९ वर्षं झाली, आता थांबतोय. प्रेसला नंतर, लोकांना आधी. माणूस पहिल्यापासून असाच. ह्या वर्षी बॉस्टनकडून दुखापतींमुळे जेमतेम ३७ मॅचेस खेळला त्यामुळे धक्का वगैरे कोणाला बसला नसेल, पण तरी जरा चुकचुकल्यासारखं झालंच.

हिशोब असा: ४ चॅम्पियनशिप (लेकर्सबरोबर २०००, २००१, २००२ आणि मायामीबरोबर २००६), पैकी पहिल्या तिन्ही वेळा फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), १५ वेळा ऑलस्टार, २८,५९६ पॉइंट्स म्हणजे सर्वकालीन यादीत पाचवा, १३,०९९ रिबाउंड्स (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल). सीझनचा एमव्हीपी मात्र एकदाच.

माझी यादी: करीम अब्दुल-जब्बार, बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, शॅक, हकीम ओलाजुवॉन. ह्याच क्रमाने.

वरच्या दोघांबद्दल शंका नाही. घोडं अडतंय ते ३-४-५ पाशी. २००० ते २००२ एवढाच शॅक धरला तर त्याच्या वर कोणाला ठेवायचं हेच कळत नाही, आणि १९ च्या १९ वर्षं धरली तर वाटतं की ह्या माणसाने मनावर घेतलं असतं तर हा धागाच काढावा लागला नसता. उन्हाळ्यात वजन वाढवून यायचं, डिसेंबरपर्यंत ते उतरवत खेळायचं आणि एप्रिलमध्ये जागं व्हायचं, हे त्याचं दरवर्षीचं.

तुम्ही कुठे ठेवाल? नुसते आकडे आपटू नका, का ते सांगा.

उगाचच | २ जून, ७:५०

फ्री थ्रो लाइनपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब ठेवीन. फाउलनंतर मिळणारे ते मोकळे शॉट त्याला कधी जमले का?

वऱ्हाडी_ठेचा | २ जून, ८:०३

काऊन रे भाऊ, हकीमले पाचवा? ९५ ची फायनल इसरला का? ह्यूस्टन ४, ऑर्लँडो ०. समोर हाच तुमचा शॅक होता. त्याच्या आधीच्या राउंडमधी डेव्हिड रॉबिन्सनले, जो त्या वर्षीचा एमव्हीपी होता, हकीमनं मॅचमागं ३५ पॉइंट ठोकून पार येडा करून टाकला होता. सहाव्या सीडवरून (म्हंजे क्रमवारीत सहाव्या नंबरवरून) येऊन चॅम्पियन झाले बाप्पा!

अन् डिफेन्सचं काय? ३,८३० ब्लॉक (अडवलेले शॉट), एनबीएमधी सगळ्यात जास्त. शॅक कधी डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झाला का? एकदा बी नाही. हकीम दोनदा झाला. ९४ मधी तं एमव्हीपी, डिफेन्सचा अवॉर्ड अन् फायनल्सचा एमव्हीपी तिन्ही एकाच साली. पाचवा म्हणे.

कोर्टाबाहेर | २ जून, ८:२०

ठेचा, त्या फायनलमध्ये शॅक २३ वर्षांचा होता आणि तरी त्याने २८ च्या सरासरीने पॉइंट्स काढले. हकीमने ३२.८ काढले, मान्य, पण तो तेव्हा ३२ चा आणि ऐन भरात. आणि ती सिरीज फिरली ती पहिल्या मॅचमध्ये. शेवटच्या दहा-अकरा सेकंदांत ऑर्लँडोच्या निक अँडरसनने ओळीने ४ फ्री थ्रो घालवले, ह्यूस्टनने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये मॅच नेली. गंमत बघ, फ्री थ्रोमुळे हातची फायनल गेली आणि ते फ्री थ्रो शॅकचे नव्हते!

चित्कला | २ जून, ९:११

मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, मुलगा शाळेत बास्केटबॉल खेळतो म्हणून धागा उघडला. दोन बाळबोध प्रश्न. सेंटर म्हणजे नक्की कोण आणि त्याचीच एवढी यादी का करतात? आणि एवढा धिप्पाड माणूस, समोर अडवायला कोणी नाही, अंतर ठरलेलं, तरी बॉल आत जात नाही हे कसं काय?

नागपाडा_पॉइंटगार्ड | २ जून, ९:४०

ताई, बाळबोध नाही, दुसरा प्रश्न तर मोठमोठ्या कोचेसना सुटला नाही.

सेंटर म्हणजे साधारण टीममधला सगळ्यात उंच गडी. बास्केटच्या जवळ राहायचं, पाठ बास्केटकडे करून बॉल मागायचा ह्याला पोस्ट अप म्हणतात, समोरच्याचे शॉट अडवायचे, चुकलेले बॉल उचलायचे. आमच्याकडे नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर नवीन पोरगा जरा उंच दिसला की कोणी विचारायचं नाही तुला काय येतं, सरळ "जा, नीचे खडा रह". आणि यादी का, तर बरीच वर्षं एनबीएमध्ये चॅम्पियन व्हायचं तर आधी चांगला सेंटर शोधा असंच गणित होतं, मायकल जॉर्डनने ते मोडलं.

आता शॅकचं वेगळेपण. ७ फूट १ इंच उंची, वजन कागदावर ३२५ पौंड म्हणजे १४७ किलो आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. एवढी माणसं आधीही होती, पण ती चालायची, हा पळायचा. पाठीवर माणूस घ्यायचा, एक धक्का, मग एक पाय मागे टाकून गर्रकन वळायचं (ड्रॉप स्टेप) आणि डंक, म्हणजे बॉल वरून बास्केटमध्ये आपटायचा. सगळ्यांना माहिती असायचं तो काय करणार आहे. तरी थांबायचा नाही. पहिल्या सीझनमध्ये त्याने फिनिक्सला आणि नंतर न्यू जर्सीला बास्केटचा सांगाडाच खाली आणला, न्यू जर्सीला तर वरचं घड्याळ ह्याच्याच डोक्याशी आलं. त्यानंतर एनबीएने सगळीकडे बास्केटचे खांब मजबूत करून घेतले.

फ्री थ्रोबद्दल लोक म्हणतात हात फार मोठा, बॉल त्यात मावतो पण बोटांवरून सुटत नाही. मला पटत नाही. हकीमचे हात काय लहान होते? तो ७१ टक्के टाकायचा.

सॅक्रामेंटोकर | २ जून, १०:१५

धाग्याचं नाव वाचूनच डोकं फिरलं. मी सॅक्रामेंटोत राहतो, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो.

२००२, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल (मुख्य फायनलच्या आधीचा राउंड), गेम ६. आमचे किंग्ज ३-२ ने पुढे. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस! एका क्वार्टरमध्ये! ती मॅच गेली, मग गेम ७ गेली. त्या तीन चॅम्पियनशिपपैकी एक आमची आहे, लिहून ठेवा.

आणि शॅक महान वगैरे ठीक, पण मला सांगा, ऑल टाइम ग्रेट म्हणवणारा माणूस किती वेळा स्वीप होतो, म्हणजे एकही मॅच न जिंकता सिरीज हरतो? ९४ ला इंडियानाने ३-०, ९५ ला ह्यूस्टनने ४-०, ९६ ला शिकागोने ४-०, ९८ ला युटाने ४-०, ९९ ला सॅन अँटोनियोने ४-०, २००७ ला परत शिकागोने ४-०. सहा वेळा! रसेलच्या बाबतीत एकदा तरी असं झालंय का? पिक अँड रोल (एकाने अडवणाऱ्याची वाट रोखायची, दुसऱ्याने बॉल घेऊन सुटायचं) आला की हा बास्केटखालून बाहेर यायचाच नाही, आळस. युटाच्या स्टॉकटन आणि मलोन ह्या जोडीने त्याचाच फायदा उठवला.

उगाचच | २ जून, १०:२१

सॅक्रामेंटोकर, गेम ७ तुमच्या घरी होती. तुमच्या पोरांनी ३० पैकी १४ फ्री थ्रो घालवले. रेफरीने घालवले का ते?

सॅक्रामेंटोकर | २ जून, १०:२३

मीठ चोळा, चोळा.

मिलवॉकीचा_म्हातारा | २ जून, १०:५५

ह्या धाग्यावर बहुतेक मंडळी नव्वदच्या दशकातली दिसतात. मी इथे शिकायला आलो ते १९७१ चं साल, मिलवॉकी बक्स तेव्हा नुकतेच चॅम्पियन झाले होते आणि करीमने नाव बदललं ते त्याच वर्षी. तिकीट विद्यार्थ्याला परवडण्यासारखं होतं, त्यामुळे करीम मी पडद्यावर नाही, प्रत्यक्ष पाहिला आहे.

त्याचा स्कायहुक म्हणजे काय ते सांगतो. अंग आडवं, डावा खांदा समोरच्याच्या छातीला, उजवा हात पूर्ण वर, आणि बॉल सुटायचा तो हाताच्या सगळ्यात उंच टोकावरून. अडवणाऱ्याने उडी मारली तरी मधे त्याचा खांदा. १९७४ च्या फायनलमध्ये गेम ६ ला बॉस्टनमध्ये, दुसऱ्या ओव्हरटाइमच्या शेवटच्या काही सेकंदांत त्याने उजव्या बाजूच्या बेसलाइनवरून असा टाकला आणि मॅच १०२-१०१ जिंकली. गेम ७ आमच्या घरी होती, हरलो. अजून बोचतं.

६ एमव्हीपी, ६ चॅम्पियनशिप, ३८,३८७ पॉइंट्स. पहिला फायनल्स एमव्हीपी १९७१ मध्ये, दुसरा १९८५ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी. मधे १४ वर्षं! शॅक ३८ व्या वर्षी बॉस्टनमध्ये दुखापतींशी झगडत होता. तुमचा शॅक तीन वर्षं डोंगर होता, आमचा करीम वीस वर्षं.

शॅकबद्दल राग नाही हो. पण रांगेत यायचं तर मागे उभं राहा म्हणावं.

एक्सेलशीट | २ जून, ११:३०

फ्री थ्रोबद्दल एवढं बोललं जातंय तर आकडे घ्या.

शॅकने एकूण ११,२५२ फ्री थ्रो घेतले, ५,९३५ टाकले, ५,३१७ घालवले. ५२.७ टक्के. समजा हाच माणूस ७० टक्के टाकणारा असता. तर साधारण १,९४० पॉइंट्स जास्त झाले असते, म्हणजे एकूण साडेतीस हजार. गंमत म्हणजे तरीही तो पाचवाच राहिला असता, कारण विल्टचे ३१,४१९ आहेत. आणि विल्ट स्वतः ५१.१ टक्के, शॅकपेक्षाही वाईट!

दुसरं, "हॅक अ शॅक". डॅलसचा कोच डॉन नेल्सन मुद्दाम फाउल करून ह्याला लाइनवर पाठवायचा, मग सगळेच करायला लागले. आता हे बघा, दोन फ्री थ्रो गुणिले ५२.७ टक्के म्हणजे १.०५ पॉइंट्स. आणि कुठल्याही बऱ्या टीमला एका पझेशनमागे (एकदा बॉल ताब्यात आल्यावर) मिळतात किती? एकाच्या थोडेसेच वर. म्हणजे फाउल करून फायदा जवळजवळ शून्य, उलट तुमचे फाउल संपतात, बोनस लागतो (मग प्रत्येक फाउलला फ्री थ्रो), घड्याळ थांबतं आणि लेकर्सना मागे जाऊन डिफेन्स लावायला निवांत वेळ मिळतो. २००० च्या फायनलमध्ये इंडियानाने गेम २ ला त्याला ३९ वेळा लाइनवर पाठवलं, त्यातले १८ च गेले, सगळे हसले. पण त्या रात्री त्याचे ४० पॉइंट्स आणि २४ रिबाउंड्स झाले आणि लेकर्स जिंकले.

माझं म्हणणं, फ्री थ्रो हा दिसायला मोठा डाग आहे, हिशोबात तेवढा नाही. खरा डाग डिफेन्सिव्ह रिबाउंडिंगचा आणि फिटनेसचा. एवढं अंग असून तो एकदाही रिबाउंड्समध्ये लीगमध्ये पहिला आला नाही.

उगाचच | २ जून, ११:३४

डिसेंबर २००० मध्ये सिअॅटलविरुद्ध ११ पैकी ० टाकले होते, ते कुठल्या कॉलममध्ये बसतात?

एक्सेलशीट | २ जून, ११:३६

आउटलायर म्हणून काढून टाकले आहेत :)

नागपाडा_पॉइंटगार्ड | २ जून, दुपारी १२:०५

सॅक्रामेंटोकर, तुमच्या त्या गेम ६ बद्दल एक आठवण करून देतो, राग मानू नका. त्या रात्री शॅकचे ४१ पॉइंट्स आणि १७ रिबाउंड्स होते आणि फ्री थ्रो १७ पैकी १३. रेफरी काय करायचं ते करोत, लाइनवर उभं राहून बॉल त्यालाच टाकायचा होता.

स्वीपबद्दल मात्र तुम्ही बरोबर बोलताय. पण ९६ चे शिकागो बुल्स ७२ मॅचेस जिंकलेले, ९९ चे सॅन अँटोनियो स्पर्स चॅम्पियन झालेले. सगळ्याच हरण्या सारख्या नसतात.

ऑर्लँडोवाली_मामी | २ जून, संध्याकाळी ५:३०

आमच्या गावाचं कोणी बोलतच नाहीये! शॅक यायच्या आधीच्या सीझनला ऑर्लँडो मॅजिक २१ मॅचेस जिंकले होते, तो आला त्या वर्षी ४१. आणि चौथ्या वर्षी ६०. ही एका माणसाची करामत.

९६ मध्ये त्याचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा इथल्या पेपरने वाचकांना विचारलं की ह्याला ११.५ कोटी डॉलर्स द्यावेत का. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी नाही म्हणून सांगितलं! झालं, गेला लेकर्सकडे १२ कोटी घेऊन. फ्री एजंट असल्यामुळे मॅजिकला बदल्यात छदामही मिळाला नाही. त्यानंतर इथे बरीच वर्षं त्याचं नाव काढलं तरी लोक तोंड वाकडं करायचे. आता ड्वाइट हॉवर्ड आहे, तोही सेंटर, तोही स्वतःला सुपरमॅन म्हणवतो आणि त्याचं काँट्रॅक्टही संपत आलंय. पेपरवाल्यांनी ह्या वेळी काही विचारू नये एवढीच प्रार्थना.

यादीत म्हणाल तर माझ्यासाठी शॅक दुसरा. करीम पहिला. रसेलला ११ चॅम्पियनशिप मिळाल्या ते सगळं खरं, पण बहुतेक ८-९ टीम्सच्या लीगमध्ये.

मिलवॉकीचा_म्हातारा | २ जून, संध्याकाळी ६:१०

मामी, ८-९ टीम्स होत्या म्हणजे सगळा चांगला माल तेवढ्याच टीम्समध्ये वाटलेला होता, हेही बघा. आज ३० टीम्स आहेत, त्यातल्या निम्म्यांना धड सेंटर नाही. रसेल दर सीझनला विल्टशी दहा-बारा वेळा खेळायचा. १३ वर्षांत ११ वेळा चॅम्पियन, शेवटचे दोन तर स्वतःच कोच असताना. त्याचे ब्लॉक किती होते ते कोणाला सांगता येणार नाही, कारण १९७३ पर्यंत ते मोजतच नसत.

थर्डस्लिप | २ जून, संध्याकाळी ६:४०

हे म्हणजे ब्रॅडमनचंच भांडण झालं. ९९.९४ म्हटलं की कोणीतरी म्हणतं त्या काळी फील्डिंग कुठे होती, आणि सचिन म्हटलं की कोणीतरी म्हणतं आता पिचेस पाटा झाल्या. मागचा माणूस आजच्या काळात आणायचा तर त्याला आजचं खाणं, आजचा जिम, आजचे बूट पण द्या ना.

वऱ्हाडी_ठेचा | २ जून, ६:४४

आला! सचिन आला! मी इच्यारच करत होतो अजून कसा नाही आला.

कोर्टाबाहेर | २ जून, ७:०२

क्रिकेट पुढच्या गल्लीत. एप्रिलमध्ये वर्ल्ड कप जिंकला, पोट भरलं नाही का अजून?

रसेलवर मामींशी असहमत. पण ह्यातून एक निघतं. बास्केटबॉलमध्ये नियम बहुतेक वेळा सेंटर्समुळे बदलले. जॉर्ज मायकनला आवरण्यासाठी १९५१ मध्ये बास्केटखालचा पट्टा ६ फुटांचा १२ फूट रुंद केला. विल्टच्या काळात १९६४ ला १२ चा १६ केला. करीम कॉलेजात होता तेव्हा कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवरच बंदी आणली. आणि २००१ मध्ये एनबीएने झोन डिफेन्सला परवानगी दिली. त्याला कारणं बरीच होती, खेळ संथ झाला होता वगैरे, पण सगळ्यात जास्त फटका कोणाला बसला असेल तर शॅकला, कारण आता त्याच्याकडे बॉल यायच्या आधीच पुढे एक आणि मागे एक उभा करता यायचा. तरी त्या सीझनच्या, म्हणजे २००२ च्या, फायनलमध्ये न्यू जर्सीविरुद्ध ३६.३ ची सरासरी!

आणि त्या काळात वेस्टमधल्या टीम्स बेंचवर नुसते धिप्पाड सेंटर भरून ठेवायच्या, पॉइंट्स काढायला नाही, सहा-सहा फाउल खर्च करायला. दुसऱ्या टीमने माणसं घेताना तुझा विचार करून घ्यायची, हा मान किती जणांना मिळाला?

सॅक्रामेंटोकर | २ जून, रात्री ९:५०

हो, आमच्याकडे व्लादे डिवाच होता त्यासाठी. तो फाउल करायचा नाही, पडायचा. शॅकने बोट लावलं की हा मागच्या रांगेत.

(डिवाच ग्रेट होता. ह्यावर वाद नको.)

वजनाचा मुद्दा राहिला बघा. २००२ च्या उन्हाळ्यात पायाच्या बोटाचं ऑपरेशन करायचं होतं, ते ह्याने ढकलत ढकलत सप्टेंबरपर्यंत आणलं, का तर म्हणे कामावर असताना दुखावलंय, बरंही कामाच्या वेळेतच होईल! लेकर्सची सुरुवात ११ विजय आणि १९ पराभव अशी झाली, चौथी चॅम्पियनशिप तिथेच गेली. लेकर्सचा दुसरा स्टार कोबी ब्रायंट, त्याचं डोकं फिरलं ते उगाच नाही. रसेल असं करता?

ऑर्लँडोवाली_मामी | २ जून, रात्री १०:१५

मग २००४ मध्ये लेकर्सने कोबीला ठेवून शॅकला मायामीला पाठवलं, पुढे काय झालं तेही सांगा ना. लेकर्स ५६ विजयांवरून ३४ वर आले, मायामी ४२ वरून ५९ वर गेले. एवढं डोळ्यासमोर असूनही २००५ चा एमव्हीपी स्टीव्ह नॅशला दिला, तोही अगदी थोड्या मतांनी. नॅश आवडतो मला, पण तो अवॉर्ड शॅकचाच होता. २००० साली १२१ पैकी १२० मतं मिळाली होती, एका पत्रकाराने आयव्हरसनला मत दिलं म्हणून एकमताने मिळायचा हुकला. १९ वर्षांत एकच एमव्हीपी, ह्याचं निम्मं पाप मत देणाऱ्यांचं.

नागपाडा_पॉइंटगार्ड | ३ जून, सकाळी ९:२५

अवांतर. कोणी ह्या वर्षीच्या फायनलची आज सकाळची मॅच पाहिली का??? मायामी १५ ने पुढे होते, सात मिनिटं राहिली होती, मी टीव्ही बंद करून आंघोळीला गेलो. बाहेर आलो तर डॅलस ९५, मायामी ९३!

एक्सेलशीट | ३ जून, ९:३१

पाहिली, ऑफिसला उशीर झाला. डॅलसच्या नोवित्स्कीच्या डाव्या हाताच्या बोटाचा टेंडन गेम १ मध्ये फाटलाय आणि शेवटचा लेअप (बास्केटजवळ जाऊन टाकलेला शॉट) त्याने त्याच डाव्या हाताने टाकला, ३.६ सेकंद बाकी. २००६ मध्ये ह्याच मायामीने डॅलसला ०-२ वरून ४-२ हरवलं होतं, शॅकची चौथी तीच. ह्या वेळी हिशोब चुकता होतोय वाटतं.

वऱ्हाडी_ठेचा | ३ जून, ९:४०

२००६ ची चौथी शॅकच्या खात्यात पुरी नका धरू राजेहो. ती मायामीच्या ड्वेन वेडची. शॅकची सरासरी त्या फायनलमधी १३.७ होती.

मिलवॉकीचा_म्हातारा | ३ जून, ११:००

वर मायकनचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट लिहितो. मायकन म्हणजे ह्या सगळ्यांचा आजोबा, जाड भिंगांचा चष्मा, ९९ नंबर, मिनिअॅपोलिस लेकर्सचा. १ जून २००५ ला गेला. शेवटी मधुमेहाने पाय गेला होता, आणि १९६५ च्या आधी निवृत्त झालेल्या खेळाडूंना लीगची पेन्शन अगदी तुटपुंजी मिळायची, ती वाढावी म्हणून तो भांडत होता. गेल्याची बातमी आली तेव्हा शॅक प्लेऑफ खेळत होता. त्याने जाहीर करून टाकलं की अंत्यसंस्काराचा खर्च मी करतो, ९९ नंबर नसता तर मी नसतो. आणि केला.

परवा शॅकने निवृत्ती जाहीर केली तीही १ जूनलाच. योगायोगच असणार.

ह्याने माझ्या यादीत फरक पडत नाही. पण लोक त्याला नुसता विदूषक म्हणतात म्हणून लिहिलं. त्याने आईला दिलेल्या शब्दासाठी लेकर्सकडे असताना कॉलेजची डिग्रीही पूर्ण केली, समारंभाला जायला कोच फिल जॅक्सनने एक मॅच सोडू दिली होती.

चित्कला | ३ जून, दुपारी २:१५

सगळं वाचलं, मजा आली, मुलालाही वाचून दाखवलं. त्याचा एक प्रश्न आहे, माझा नाही. आयुष्यभराचं सोडा. उद्या एकच मॅच आहे, ती जिंकायचीच आहे, हे पाचही जण आपापल्या सगळ्यात भारी वर्षातले उभे आहेत. पहिला कोणाला घ्याल? कारण एका ओळीत.

वऱ्हाडी_ठेचा | ३ जून, २:२०

हकीम. दोन्हीकून खेळते. पोराले सांगा त्याचे जुने व्हिडिओ पाह्य, पायाचं काम पाह्य. लहानपणी लागोसमधी फुटबॉल अन् हँडबॉल खेळायचा, तिथून आलं ते.

मिलवॉकीचा_म्हातारा | ३ जून, २:४५

रसेल. करीम माझा लाडका, पण एकच मॅच असेल तर रसेल, तो गेम ७ खेळला त्या सगळ्याच्या सगळ्या जिंकला.

उगाचच | ३ जून, २:५२

विल्ट. १९६२ ला हर्शीमध्ये न्यूयॉर्कविरुद्ध १०० टाकले होते, त्या दिवशी ३२ पैकी २८ फ्री थ्रो गेले होते. तो दिवस पकडायचा फक्त.

सॅक्रामेंटोकर | ३ जून, रात्री ९:१०

लिहिताना हात थरथरतोय. २००० चा शॅक.

कारण एका ओळीत मावणार नाही. त्या वर्षीच्या वेस्टर्न फायनलला गेम ७ मध्ये पोर्टलँड चौथ्या क्वार्टरला १५ ने पुढे होतं आणि मी टाळ्या पिटत होतो. मग लेकर्स आले आले आले आणि कोबीने तो लॉब (बास्केटजवळ उंच फेकलेला पास) टाकला, शॅकने एका हाताने आणून आपटला आणि तोंड उघडं टाकून पळत सुटला. नंतर फायनलमध्ये ३८ पॉइंट्स आणि १६.७ रिबाउंड्सची सरासरी. मला त्याची टीम आवडत नाही, त्याचं खेळणं आवडत नाही, पण एका मॅचसाठी समोरच्या बाजूला तो नको.

ऑर्लँडोवाली_मामी | ३ जून, ९:१४

सॅक्रामेंटोकर, उठा, बाहेर जाऊन या, बरं वाटेल :)

कोर्टाबाहेर | ३ जून, रात्री ११:३०

चित्कला, मुलाने माझी अडचण सोडवली, त्याला सांगा. दोन वेगळ्या याद्या करायला हव्यात. भरातला खेळ धरला तर शॅक पहिला, आणि आता सॅक्रामेंटोकरांची सही पण आहे त्यावर. पूर्ण कारकीर्द धरली तर करीम, रसेल, विल्ट, शॅक, हकीम हीच यादी राहू देतो, फक्त ठेचाभाऊंसाठी शॅक आणि हकीममधलं अंतर बोटभर कमी केलं. ९५ चं तेवढं देणं लागतोच. विल्टला मात्र वरच ठेवतो, एका सीझनला ५०.४ ची सरासरी आणि ४ एमव्हीपी असताना दोनच चॅम्पियनशिप म्हणून खाली ढकलणं जिवावर येतं.

एक्सेलशीटचा फ्री थ्रोचा हिशोब पटला. आळसाचा नाही पटला, म्हणजे आळस होता हे पटलं, पण ज्या माणसाने १९ सीझन ५८ टक्क्यांनी शॉट टाकले त्याला वाया गेला कसं म्हणायचं.

एक्सेलशीट | ४ जून, सकाळी ८:०५

अहो पण सॅन अँटोनियोच्या टिम डंकनचं काय? ४ चॅम्पियनशिप, २ एमव्हीपी. निम्मा वेळ तो सेंटरच खेळतो, लीग त्याला पॉवर फॉरवर्ड म्हणते एवढंच. सेंटर धरला तर शॅक गेला ना खाली?

मिलवॉकीचा_म्हातारा | ४ जून, ८:४०

डंकन सेंटरच आहे. कोणी काही म्हणो.

कोर्टाबाहेर | ४ जून, ८:५५

नाही नाही नाही. डंकनसाठी वेगळा धागा काढा, इथे आणलात तर आठवडाभर झोप नाही.

वऱ्हाडी_ठेचा | ४ जून, ९:०२

काढतो भाऊ. पण त्याले आधी रिटायर तं होऊ द्या. यंदा आठव्या सीडच्या मेम्फिसनं पहिल्याच राउंडमधी घरी पाठवलं, आता किती दिवस खेळन तो, एखादं वर्ष फार फार तं.